लाल्याची साखर

मेडिकलच्या काउंटरवर इन्सुलिनच्या सिरिंज दोन रंगांच्या टोप्यांत मिळतात. लाल टोपीची सिरिंज ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी, नारिंगी टोपीची १०० युनिटच्या. म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट किंवा १०० युनिट. आपल्याकडे स्वस्तातल्या बाटल्या बहुतेक ४०च्या असतात, त्यामुळे नुसती ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ म्हटलं की दुकानदाराचा हात सवयीने लाल टोपीकडे जातो. मांजरांना मात्र बहुतेक वेळा ग्लार्जिन देतात आणि ते १००चं असतं. ते लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत ओढलं, तर एक युनिट समजून अडीच युनिट जातात. ऐंशी किलोच्या माणसाला दीड युनिट जास्त गेलं तर कदाचित जाणवणारही नाही. सात किलोच्या बोक्याचा त्यात जीव जाऊ शकतो.

मांजराला मधुमेह आहे म्हटल्यावर लोक पहिला प्रश्न विचारतात, ‘सुई टोचू कशी देतो तो?’ ते शिकायला एक संध्याकाळ पुरते. त्याआधी बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे बघायचं, आणि दर वेळी नवीन पाकीट आणलं की पुन्हा बघायचं.

मी न्हावा शेव्याला, बंदराबाहेरच्या एका यार्डात रीफर टेक्निशियन आहे. रीफर म्हणजे थंडगार कंटेनर. नाशिकची द्राक्षं, हापूस, गोठवलेलं मांस, औषधं असा माल त्यातून जहाजावर चढतो. प्रत्येक कंटेनरचं तापमान ठरल्या वेळी वाचायचं, वहीत उतरवायचं आणि काही बिनसलं तर बघायचं, हे माझं काम. लाल्या हा आमचा नारिंगी बोका, वय नऊ. दुकानदाराने पेशंटचं वय विचारलं आणि मी ‘नऊ’ सांगितलं, तेव्हा त्याचा चेहरा पडला. बोका आहे म्हटल्यावर तो इतका हसला की मागे उभ्या असलेल्या आजोबांनी काय झालं म्हणून विचारलं.

मुंग्या आणि टाचा

आगरी-कोळ्यांच्या घरात मांजराला वेगळं काय शिजवणार? कालवणात कुस्करलेली तांदळाची भाकरी, मांदेलीची डोकी, आणि अलीकडे पाकिटातलं कोरडं खाणं. नसबंदीनंतर लाल्या चांगलाच सुटला होता आणि आळीत त्याचं कौतुक व्हायचं. मधुमेह ज्या मांजरांना जास्त गाठतो त्यांचं वर्णन त्याला तंतोतंत लागू होतं: नर, नसबंदी झालेला, मध्यम वय उलटलेला, लठ्ठ, दिवसभर घरात लोळणारा. खाजेसाठी किंवा दम्यासाठी स्टेरॉईड दिलेल्या मांजरांनाही हा धोका असतो.

सुरुवातीची लक्षणं आजारासारखी दिसतच नाहीत. मांजर बादलीतलं पाणी पीत राहतं. वाळूच्या ट्रेमध्ये लघवीचे गोळे मोठे होत जातात. ताटातलं सगळं संपवून ते पुन्हा मागतं आणि तरी पाठीचा कणा हाताला लागू लागतो. रक्तातली साखर साधारण अडीचशे-पावणेतीनशेच्या वर गेली की मांजराच्या मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. साखर लघवीतून बाहेर पडते, जाताना पाणी ओढून नेते आणि शरीर उपाशी राहतं. ट्रेभोवती मुंग्या लागल्या तर त्या त्या साखरेसाठी येतात. आमच्या आईने त्या आधी पाहिल्या आणि ट्रेभोवती हळद टाकली.

आणखी एक खूण ठळक असते. मांजर एरवी बोटांवर चालतं, टाच वर असते. साखर बराच काळ चढलेली राहिली की मागच्या पायांच्या नसा कमजोर होतात आणि ते टाचा टेकवून, सशासारखं चालू लागतं. ओट्यावर उडी मारायला जातं आणि अर्ध्यातून खाली येतं. उपचार वेळेवर झाले तर यात बरीच सुधारणा होते.

डॉक्टरबाईंकडे लाल्याची साखर ४१२ निघाली. मांजराची साखर साधारणपणे दीडशेच्या आत असते. तरी बाईंनी त्या एका आकड्यावर निदान केलं नाही. टोपलीत घालून, ट्रेलरच्या रांगांमधून हॉर्न ऐकत आणलेलं मांजर घाबरलेलं असतं आणि नुसत्या घाबरण्याने निरोगी मांजराची साखरही तीनशेच्या वर जाऊ शकते. म्हणून त्यांनी लघवी तपासली आणि रक्ताची फ्रुक्टोसामीन ही चाचणी केली. तिच्यावरून मागच्या एक-दोन आठवड्यांतली सरासरी साखर कळते, त्या घटकेच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही. दोन्हींत साखर पक्की दिसली.

हे औषध मुळात कुठून आलं

‘माणसाचं औषध मांजराला चालतं का?’ हा प्रश्न मला यार्डात सगळ्यांनी विचारला. खरं तर हे औषध प्राण्यांकडूनच माणसाकडे आलं. १८८९ साली स्ट्रासबर्गमध्ये मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला, तेव्हा आजाराचा पत्ता लागला. १९२१ साली टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून इन्सुलिन वेगळं काढलं आणि जानेवारी १९२२मध्ये लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचलं. त्यानंतर कित्येक दशकं माणसं गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढलेल्या इन्सुलिनवर जगली. मांजराचं इन्सुलिन गाईच्या इन्सुलिनपेक्षा एकाच अमिनो आम्लाने वेगळं आहे आणि माणसाच्या इन्सुलिनपेक्षा चारांनी. एवढा फरक चालून जातो.

आजाराची जात मात्र प्राण्यागणिक बदलते. कुत्र्याचा मधुमेह बहुधा माणसाच्या टाइप १सारखा असतो, इन्सुलिन जवळपास बनतच नाही. मांजराचा टाइप २च्या जवळ जातो: स्वादुपिंड थोडंफार काम करत असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही आणि चढलेल्या साखरेने ते आणखी थकतं. त्याला काही महिने इन्सुलिनचा आधार मिळाला तर ते सावरू शकतं. त्याकडे मी शेवटी येतो.

गोळी मिळत नाही का, असंही लोक विचारतात. अमेरिकेत डिसेंबर २०२२मध्ये बेक्साग्लिफ्लोझिन ही मांजरांची गोळी मंजूर झाली आणि २०२३मध्ये वेलाग्लिफ्लोझिन हे पातळ औषध. दोन्ही साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, पण ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या, निवडक मांजरांसाठीच आहेत आणि त्यांच्यावर असताना साखरेचा आकडा चांगला दिसत असूनही रक्तात घातक कीटोन वाढू शकतात. घरातल्या माणसाची मधुमेहाची गोळी अर्धी करून मांजराला देणं हा तर साफ वेडेपणा आहे.

सुई

इन्सुलिनची सुई केसासारखी बारीक असते. लाल्या ताटलीत तोंड घालून बसला की मी पाठीच्या बाजूची, बरगड्यांवरची सैल कातडी चिमटीत वर उचलतो. तिचा तंबू होतो. त्याच्या पायथ्याशी सुई घालायची, दट्ट्या दाबायचा, बाहेर काढायची. मानेमागची जाड कातडी बहुतेकांना सोयीची वाटते, पण तिथे रक्तपुरवठा कमी असतो, म्हणून कुशी आणि बरगड्या बऱ्या. रोज जागा थोडी बदलायची, नाहीतर एकाच ठिकाणी गाठ होते.

डोस डॉक्टर ठरवतात. सुरुवात बहुधा एका युनिटने होते, वजन जास्त असेल तर कधी दोनाने, आणि दर बारा तासांनी. इतक्या छोट्या मापासाठी ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली १००ची सिरिंज मिळाली तर उत्तम. ग्लार्जिन पाण्यासारखं नितळ असतं. ते हलवायचं नाही, पातळ करायचं नाही. गढूळ दिसलं तर टाकून द्यायचं.

कधी मांजर ऐन वेळी झटका देतं आणि केस ओले लागतात. किती आत गेलं, किती बाहेर सांडलं, कळत नाही. अशा वेळी दुसरी सुई द्यायची नाही. बारा तास साखर चढलेली राहिली तरी मांजर ते सोसतं, दुप्पट डोस त्याला सोसत नाही. उशिराचंही तसंच. तासाभराने चालतं. खूपच उशीर झाला तर डॉक्टरांना विचारायचं आणि राहिलेला डोस पुढच्या डोसात कधीही मिसळायचा नाही.

आधी खाणं, मग सुई, हा क्रम पाळायचा. मांजर जेवलंच नाही किंवा उलटी झाली, तर नेहमीचा डोस द्यायच्या आधी फोन करायचा. मधुमेही मांजर खात नाही, उलट्या करतं, गळून पडलंय आणि लघवीच्या पट्टीवर कीटोन दिसतात, असं असेल तर सकाळची वाट बघायची नाही. ही तातडीची अवस्था आहे, तिथे सलाईनच लागतं.

वापरलेल्या सुया कचऱ्यात जाऊ देऊ नका. कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात त्या घुसतात. जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवायच्या आणि दवाखान्यात नेऊन द्यायच्या.

मोजायचं, लिहायचं, थांबायचं

रीफरला डीफ्रॉस्ट असतो. कॉइलवर बर्फ साचलं की यंत्र ते वितळवायला स्वतःच गरम होतं आणि तेवढा वेळ स्क्रीनवरचं तापमान वर चढतं. नवीन पोरगा घाबरून लगेच सेट पॉइंट खाली आणतो. डीफ्रॉस्ट संपतो, यंत्र जोमाने थंड करू लागतं आणि द्राक्षं गोठतात. जुना माणूस वही काढतो, मागचे आकडे बघतो आणि थांबतो. लाल्याच्या आजारात मला आयता उपयोगी पडला तो एवढाच धडा.

मांजराची साखर दिवसात वरखाली होतच असते. एका संध्याकाळचा ३४० हा आकडा बघून डोस वाढवायचा नाही. नवा डोस शरीरात बसायला निदान पाच-सात दिवस लागतात आणि बदल करायचाच तर अर्ध्या-एका युनिटने, तोही डॉक्टरांना विचारून. डॉक्टरांना सगळ्यात जास्त रस असतो तो दोन सुयांच्या मध्ये साखर किती खाली उतरते यात. त्यासाठी एखाद्या दिवशी दर दोन तासांनी मोजून बारा तासांचा आलेख काढतात. सुईआधीचा आकडा कितीही मोठा असो, मधला आकडा खूप खाली जात असेल तर डोस वाढवायचा नसून कमी करायचा असतो. वही नसेल तर हे कुणालाच कळणार नाही.

मोजण्यासाठी कानाची कड वापरतात. कोमट ओल्या फडक्याने कान शेकायचा, मागे कापसाचा बोळा धरायचा आणि कडेच्या बारीक शिरेजवळ लान्सेट टोचायची. मोहरीएवढा थेंब पुरतो. माणसाचं ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, कारण माणसाच्या रक्तपेशींत जेवढी साखर मुरलेली असते तेवढी मांजराच्या नसते आणि यंत्र माणसाच्या हिशोबाने बांधलेलं असतं. प्राण्यांसाठी वेगळं यंत्र मिळतं. ते नसेल तर एकच यंत्र कायम वापरायचं आणि कुठलं ते डॉक्टरांना सांगायचं. दंडाला चिकटवायचा माणसांचा सेन्सर केस भादरून मांजरालाही लावतात. लाल्याने तो मुदतीआधीच चाटून-खरवडून काढला, पण तेवढ्या दिवसांत रात्रीचे आकडे मिळाले.

माझ्या वहीत पाच रकाने आहेत: वेळ, साखर, डोस, किती खाल्लं, आणि शेरा. शेऱ्यात ‘ओट्यावर उडी’ हेही लिहितो. पाणी कमी पिणं, वजन स्थिर होणं, अंग चाटून साफ ठेवणं या गोष्टी एकट्या आकड्यापेक्षा जास्त सांगतात.

साखर उतरली तर

चढलेली साखर मांजराला आठवड्या-महिन्यांनी खंगवते. उतरलेली काही मिनिटांत मारू शकते. साठच्या खाली आकडा म्हणजे धोका. मांजर झोकांड्या खातं, हाक मारली तरी लक्ष देत नाही, अचानक वखवखल्यासारखं खायला मागतं किंवा कोपऱ्यात जाऊन बसतं. पुढे झटके येतात.

शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच खायला द्यायचं. गिळत नसेल तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायचं. घशात ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जाईल. झटका चालू असताना बोट दातांमध्ये जाणार नाही हेही बघायचं. मांजर उठून बसलं तरी दवाखाना गाठायचाच, कारण ग्लार्जिनचा असर तासन्‌तास टिकतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. आमच्याकडे मधाची छोटी बाटली फ्रिजवर असते आणि ती कशासाठी आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. गंमत म्हणजे मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाच्या चवीचं जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेलं आहे, हे २००५ साली अमेरिकेतल्या मोनेल संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं.

भाकरी बंद

मांजर मुळात मांसाहारी. त्याच्या लाळेत पिष्ट पचवणारं अमायलेज नसतं. दूध-पोळी, दूध-भात आणि कालवणातली भाकरी हे आपले लाड, त्याची गरज नव्हे. कोरड्या खाण्यातही गोळी बांधण्यासाठी पिष्ट लागतं. म्हणून मधुमेही मांजराला कमी पिष्टाचं ओलं, डबाबंद खाणं देतात. ते परवडत नसेल तर उकडलेलं चिकन किंवा मासे चालतात, पण नुसत्या मासळीवर मांजराला ठेवू नये. काही कच्च्या माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारा घटक असतो आणि एकाच पदार्थात बाकी पोषण पुरं होत नाही. पूरक काय द्यायचं ते डॉक्टर सांगतात. करंज्याहून मासळी आली की आई अजूनही त्याच्यासाठी दोन मांदेल्या बाजूला काढते. उकडून, भाकरीशिवाय.

हा बदल डॉक्टरांना सांगूनच करावा. पिष्ट एकदम बंद केलं की इन्सुलिनची गरज झपाट्याने घटते आणि कालचा डोस आज जास्त होतो. वजनही हळूहळूच उतरवायचं. आठवड्याला एक टक्का म्हणजे सात किलोच्या मांजराचे सत्तर ग्रॅम. लठ्ठ मांजराला उपाशी ठेवलं तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि तो आजार मधुमेहापेक्षाही लवकर जीव घेतो.

फ्रीज, वीज आणि पाळी

इन्सुलिन दोन ते आठ अंशांत राहायला हवं. फ्रिजच्या दारात नको, तिथे तापमान सारखं हलतं. फ्रीजरच्या तळाशी चिकटूनही नको, एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी कामाचं राहत नाही. मधल्या फळीवर, डब्यात, सोबत छोटा थर्मामीटर. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा दार उघडायचं नाही. प्रवासात बर्फाच्या पिशवीला बाटली थेट टेकू द्यायची नाही, मध्ये फडकं हवं. ३ मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये ३०० युनिट असतात. छोट्या डोसाच्या मांजराला ते संपता संपत नाही, म्हणून उघडल्याची तारीख चिकटपट्टीवर लिहायची आणि किती दिवस वापरायचं ते डॉक्टरांना विचारायचं.

आमच्या यार्डात बारा तासांच्या पाळ्या आहेत आणि बंदराच्या रस्त्यावर ट्रेलर अडकले की घरी पोहोचायची वेळ देवालाच ठाऊक. तेव्हा मी एकट्याने हे होणार नाही, हे उघड होतं. बायको शिकली, मग आई शिकली. ‘माणसांना मिळेना आणि बोक्याला इन्सुलिन’ असं म्हणणारी आई आता संध्याकाळची सुई माझ्यापेक्षा सफाईने देते. दुहेरी डोस टाळायला एकच नियम केला आहे: ज्याने सुई दिली त्याने तिथल्या तिथे वहीत सही करायची. सही दिसली की दुसऱ्याने बाटलीला हात लावायचा नाही.

रोजच्या कामाला उरण-पनवेलचे डॉक्टर पुरतात. मोठ्या तपासणीसाठी मुंबई गाठावी लागते. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं नवं लहान प्राण्यांचं रुग्णालय आहे. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतू उघडला आणि शिवडी २१.८ किलोमीटरवर आली, पण सेतूवर दुचाकी आणि रिक्षाला परवानगी नाही. टोपली मोटारसायकलला बांधून जाणाऱ्याने उरणची लोकल किंवा मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याची लाँच धरावी.

डोस वाढवत नेऊनही साखर हटत नसेल, तर दुसरं कारण शोधायला तिथे जावं लागतं. किडलेले दात, लघवीचा संसर्ग, स्वादुपिंडाची सूज यांनी इन्सुलिनला विरोध होतो. ब्रिटनमध्ये बाराशेहून जास्त मधुमेही मांजरांची तपासणी झाली, तेव्हा सुमारे चारांतल्या एकाला वाढीचं संप्रेरक जास्त स्रवण्याचा विकार असल्याचं दिसलं.

पहिले सहा महिने

आता मघाशी राखून ठेवलेली गोष्ट. मांजराचा मधुमेह मागे हटू शकतो, इतका की इन्सुलिन बंद करता येतं. कर्स्टन रूम्प आणि जॅकी रँड यांनी २००९ साली ५५ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ग्लार्जिन, कमी पिष्टाचं खाणं आणि घरीच रोज साखर मोजणं अशी कडक पद्धत त्यात होती. एकूण ६४ टक्के मांजरांचं इन्सुलिन सुटलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत ही पद्धत सुरू झालेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होतं, उशिरा सुरू झालेल्यांत ३५.

सगळ्यांच्या मांजराला एवढी कडक पद्धत झेपेल असं नाही. घरी मोजायला माणूस नसेल तर ती धोक्याचीही आहे. इन्सुलिन सुटलेल्या काही मांजरांत आजार परतही येतो, म्हणून नंतरही अधूनमधून साखर बघावी लागते आणि स्टेरॉईड शक्यतो टाळावं लागतं. लाल्या आता अर्ध्या युनिटवर आहे. पुढे काय, ते त्याचं स्वादुपिंड ठरवेल. पण निदान नुकतंच झालेल्या घरात ‘म्हातारं मांजर आहे, पुढच्या महिन्यात बघू’ असं कुणी म्हणत असेल, तर ८४ आणि ३५ हे दोन आकडे त्याला सांगा. वाया जाणारा महिना सुरुवातीचाच असतो, आणि उपयोगाचाही तोच.